विहिरीला वळसा

मथुराकाकूंनी तांदूळ निवडायचे ताट उचलून मांडीवर घेतले, तेव्हा कुठे हेमांगीला जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पसरायला जागा झाली. कोपऱ्यांवर तिने स्टीलचे पेले ठेवले. पंख्याच्या वाऱ्याने कागदाचा मधला भाग तरीही फुगत राहिला.

"तुमच्या कॉम्प्युटरात नाय होय हे?" भाऊरावांनी चष्मा लावला. "शेवटी म्हाताऱ्याकडेच यायला लागलं ना गो?"

"कॉम्प्युटरला तुम्ही कधी काही सांगितलंत, काका?"

ते खूश होऊन हसले. काकूही हसल्या, पण त्यांची नजर नवऱ्याच्या हातावर होती.

दिवाळीत निवृत्त होईपर्यंत हेमांगीच्या केबल टाकणाऱ्या कंपनीच्या सगळ्या साइट भाऊरावांनीच सांभाळल्या होत्या. काम चालू असताना केबलचा मार्ग बदलला, तर साइटवरच्या ड्रॉइंगवर लाल पेनाने तो लगेच दाखवायचा आणि काम संपल्यावर त्या खुणांवरून अंतिम ड्रॉइंग करायचे, असा नियम होता. प्रत्यक्षात लाल पेन खिशातच राही. 'भाऊरावांना विचारा' म्हटले की सगळ्यांचे भागत असे. कागदपत्रे सांभाळणाऱ्या हेमांगीचेही भागले होते.

मरोळच्या औषध कारखान्याचे काम असेच संपले. अकरा हजार व्होल्टची केबल जमिनीखाली गेली, वर फरशा बसल्या. मूळ ड्रॉइंगमधल्या मार्गाने ती गेलेली नाही, एवढेच सर्वांना ठाऊक होते. आता तिथे पाण्याची नवी पाइपलाइन पडणार होती. सोमवारी जेसीबी येणार होता. त्याआधी कारखान्याला अंतिम ड्रॉइंग हवे होते, त्यावर हेमांगीची सही हवी होती. त्या सहीवर विसंबून कुणीतरी जमीन उकरणार होते.

"दे इकडे," म्हणून भाऊरावांनी पेन्सिल घेतली.

त्यांचा हात जराही कापत नव्हता. ट्रान्सफॉर्मरपासून निघालेली रेघ पट्टीने ओढावी तशी सरळ गेली. हेमांगी खुर्चीत मागे टेकली. आठवडाभरात प्रथमच तिने खांदे सैल सोडले.

"इथून निघाली. इथे पाण्याची टाकी. मग भिंतीच्या कडेकडेने. आणि इथे विहिरीला वळसा."

"विहीर कुठली, काका?"

"अगो, ती जुनी. बाजूला गणपतीचं देऊळ नाय? त्या पुजाऱ्याने खणायला दिलंन नाय. दोन दिवस भांडला माझ्याशी, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या पोरांना प्रसादाचा शिरा."

हेमांगी खुर्चीत पुढे झाली. तो शिरा तिनेही खाल्ला होता. गोरेगावला, स्टुडिओच्या कामावर. नोकरीचे पहिलेच वर्ष होते तिचे. मरोळच्या त्या कारखान्यात विहीर नव्हती, देऊळ नव्हते. स्कूटरचा स्टँड होता आणि त्याच्यामागे कँटीन.

"आणि कँटीन कुठे आलं यात?" तिने शक्य तितक्या सहज विचारले.

"कँटीन?" पेन्सिल थांबली. भाऊरावांनी कागदाकडे पाहिले, मग काकूंकडे. "नंतर बांधलं असेल."

ताटातले तांदूळ निवडणारी बोटे थांबली होती. ती पुन्हा फिरू लागली.

भाऊरावांनी वळशापाशी केबल किती खोल ते लिहिले, खाली दोन रेघा मारल्या आणि पेन्सिल तिच्यापुढे ठेवली.

"कर सही बिनधास्त. कोण काय बोललंच, तर माझं नाव सांग."

"सांगते, काका."

तिने पेले उचलले आणि कागदाची सावकाश गुंडाळी केली.

काकू तिला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. लिफ्ट वर येईना. 

"परवा शेजारच्या विंगेत जाऊन बेल वाजवत होते," काकू म्हणाल्या. "दार उघडणाऱ्या बाईलाच विचारतात, तू इथे कशी?"

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"बुधवारी जायचंय. ह्यांना सांगितलंय, माझा गुडघा दाखवायचाय." त्यांनी पदराने हात पुसले. "ऑफिसात बोलू नकोस गं. अजून फोन येतात त्यांना, हे कुठे टाकलंय, ते कुठे आहे. फोन आला की शर्ट घालून बसतात बोलायला."

ऑफिसात निहार तिची वाटच पाहत होता. दोघे एकाच वर्षी कंपनीत लागले होते. तो आता प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि सकाळपासून कारखान्याच्या फोनांना तोंड देत होता.

"मिळालं ना? चल, सही मार आणि पाठवून टाक. माझं डोकं पिकलंय यार."

हेमांगीने पिशवी खाली ठेवली. बाटली उघडून पाणी प्यायली.

"सही नाही करत मी. फरशा काढून हाताने खड्डे घेऊन बघावं लागेल. केबल दिसली की मग ड्रॉइंग. तोवर जेसीबी नको."

"वाट लागेल आपली. आणि भाऊराव? ते काय म्हणाले?"

खिडकीखाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होते. त्याचे पीं-पीं थांबेपर्यंत तिने बाटलीचे झाकण फिरवून घट्ट बसवले.

"तेच म्हणाले. म्हणाले, माझ्या आठवणीवर सही करू नकोस. खणून बघ."

"भाऊराव म्हणाले असं?"

"हो."

 निहारने हातातला फोन टेबलावर उपडा ठेवला.

"आत्ता मुलुंडच्या साइटचं विचारायला फोन लावतच होतो त्यांना."

"मुलुंडचंही खणूनच बघा." कागदाची गुंडाळी तिने फाइलींच्या कपाटाकडे नेली आणि तिथून परत आणून आपल्या पिशवीत घातली. "फोन मात्र कर रे त्यांना. असाच."