लिहायचा मान

स्पृहा हे नाव पाचव्या महिन्यातच ठरलं होतं, आणि त्यावर घरात साधी कुरबूरही झाली नव्हती. तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं देवश्रीला आता वाटायचं. नाव सुचवलं कादंबरीताईंनी, म्हणजे तिच्या नणंदेनं, पुण्याहून. आवडलं सगळ्यांना. मग इकडे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या दवाखान्यात मुलगी झाली, डोकंभर जावळ घेऊन, आणि नर्सनं सहज विचारलं, "नाव कसं लिहायचं?"

झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही.

प्रश्न काय, तर त्या 'स्पृ'मधला ऋ रोमन लिपीत यू घालून लिहायचा की आय घालून. एवढ्याशा अक्षरावरून माणसं जेवणं थंड करू शकतात, हे देवश्रीला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई बाळंतपणासाठी आल्या होत्या. देवश्री त्यांना 'अहो आई' म्हणायची, कारण 'ए आई' कऱ्हाडला होती. अहो आई यूच्या बाजूच्या. "आपण काय स्प्रिहा म्हणतो? तसं म्हणायला आपण काय दिल्लीचे?" कादंबरीताई आयच्या. "अगं आई, सगळं जग आय लिहितं. शिकलेली माणसं तर हटकून." आणि नवरा, हृषिकेश, याला मतच नव्हतं. त्याच्याकडे डेटा होता.

तसा तो बिचारा पोळलेला. पासपोर्टावर त्याचा आय होता आणि लग्नाच्या दाखल्यावर यू. इथे प्रत्येक ऑफिसात हे दोघे एकच, अशी त्याला शपथ घ्यावी लागायची. "माझं लग्न यूवाल्याशी झालंय," देवश्री म्हणायची, "राहतो माझ्याबरोबर आयवाला." पूर्वी यावर तो हसायचा.

आता मात्र त्यानं कारखान्याच्या कँटीनमध्ये जर्मन सहकाऱ्यांना दोन्ही नावं वाचायला लावली.

"आय असेल तर ते श्प्रीहा म्हणतात," तो घरी येऊन बूट काढता काढता म्हणाला. "यू असेल तर श्प्रूहा."

"म्हणजे दोन्हीकडे चुकतातच."

"गेनाऊ! अगदी तेच!" शोध लागल्यासारखा तो म्हणाला. "म्हणून अजून थोडा विचार करायला हवा."

देवश्रीच्या मांडीवर बाळ दूध पिता पिता झोपलं होतं. ओरडता येत नव्हतं. तिनं नुसतेच डोळे वटारले.

कारण या शहाण्यानं दवाखान्यात नावाची जागा कोरी सोडली होती. 'नंतर कळवतो' म्हणाला. नाव नाही म्हणून जन्माचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून बाळाचा पासपोर्ट नाही, आणि पासपोर्ट नाही म्हणून कऱ्हाड नाही. कऱ्हाडला शुभदा, म्हणजे ए आई, खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर धरून या खोलीतून त्या खोलीत चालत होती. तिची बॅग भरून तयार होती, इकडे यायचं विमानाचं तिकीट होतं, आणि बाथरूममध्ये पाय घसरला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं नाही हे देवश्रीनं गिळलं होतं. पण आईनं बाळाला एकदाही पायांवर घेऊन न्हाऊ घालू नये, हे तिच्याच्यानं गिळवत नव्हतं. आई फोनवर नावाचं काही विचारायची नाही. विचारायची, "टाळू भरतेस ना गं? तेल कोमट कर हो." मग उगाचच म्हणायची, "आता मला खाली बसता येतं. पाटावर नाही, पण स्टुलावर येतं."

बाळाला तपासायला हेबामे यायची, इथली सुईण. कापडाच्या झोळीत घालून वजन करायची आणि बिननावाच्या पोरीला लाडानं उंदरू म्हणायची. त्या झोळीत उंदरू, अहो आईंच्या तोंडी ठमी, आणि कागदावर कुणीच नाही.

शेवटी देवश्रीनंच श्टांडेसाम्टमध्ये, जन्मनोंदणीच्या ऑफिसात, टर्मिन म्हणजे भेटीची वेळ घेतली. दोघांच्या सह्या लागतात म्हणून हृषिकेशला रजा टाकायला लावली. अहो आई "मी पण येते" म्हणून शाल घेऊन निघाल्या. ऑफिसच्या बोळकांडीत बाकावर तिघं बसले, समोर बाबागाडी, आणि हृषिकेशच्या हातात फोनमध्ये कादंबरीताई.

"घाई कशाला पण?" ताई म्हणत होत्या. "मी मेमध्ये येतेच आहे. बारसं होऊ दे, मग लिहा. बारशाआधी नाव फोडतात का कधी?"

"ते मात्र खरं," अहो आई म्हणाल्या. "पण यूच हं."

"आई, आय!"

"मी काय म्हणतो," हृषिकेश म्हणाला, "आज नुसती चौकशी करून—"

"पुरे!" देवश्री म्हणाली. बोळकांडीच्या टोकाला कुणीतरी मान वळवली. "आल्झो, हे बघा, आता पुरे. मे? ताई, मी मेपर्यंत थांबायचं? तुम्हा सगळ्यांना एक अक्षर हवंय. मला माझी आई हवीय. ती वॉकर धरून स्टुलावर बसायचा सराव करतेय, माहीत आहे? हिला आंघोळ घालायला! आणि तुम्ही इथे यू आणि आय खेळताय!"

बोलता बोलता तिचं नाक वाहायला लागलं, आणि याचाच तिला जास्त राग आला. अहो आई शालीच्या गोंड्यांशी चाळा करू लागल्या. फोनही गप्प झाला.

"ताई?" हृषिकेशनं विचारलं. "नेटवर्क गेलं का?"

"आहे मी," कादंबरीताई म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. "यू काय नि आय काय, मला काही नाही रे त्याचं. कॉलेजवाल्यांनी परीक्षांमुळे रजा दिली नाही. मला एकच भाची. आत्यानं कानात नाव सांगायचं असतं. तुम्ही आजच कागदावर लिहून मोकळे झालात, की मी मेमध्ये येऊन हिला काय सांगू? सगळ्या ऑफिसला माहीत असलेलं?"

देवश्री त्या छोट्याशा पडद्याकडे बघत राहिली. इतके दिवस ही बाई एका आयला धरून लटकली होती, ती एवढ्यासाठी. आधी बोलायला काय झालं होतं? या घरात कुणी सरळ बोलेल तर शपथ.

तिनं हृषिकेशच्या हातातून फोन घेतला, नाक पुसलं आणि बाबागाडीवर वाकली.

"ताई, सांगा."

"काय?"

"नाव. तिच्या कानात. आत्ता. मी आवाज बारीक करते, आम्हाला ऐकू येणार नाही."

"अशी? बोळात?"

"पाळणा चाकांचा आहे एवढंच. सांगा लवकर, आपला नंबर येईल."

अहो आई तटकन उठल्या. "थांब थांब, आधी कुर्रर्र! आणि आत्याच्या पाठीत धपाटे कुणी घालायचे? आत्या पुण्यात!" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भावाची पाठ बहिणीच्या जागी धरली. देवश्रीनं फोन त्या इवल्याशा कानाला लावला, पलीकडून काहीतरी कुजबुजलं, अहो आईंनी हृषिकेशच्या पाठीत दणादण धपाटे घातले, "अगं आई, जोरात लागतंय!" तो ओरडला, आणि नेमकं दार उघडून ऑफिसातल्या बाई बाहेर आल्या. म्हातारी मुलाला बडवतेय, सून फोनशी बोलतेय, बाळ टक्क जागं. बाईंनी नम्रपणे, पण जरा लांबूनच, आत यायला सांगितलं.

आत टेबलावर कागद आला. नावाची रिकामी चौकट. हृषिकेशनं पेन उचललं आणि हवेतच धरलं.

"बघ हं, कँटीनमध्ये आय थोडासा पुढे—"

देवश्रीनं पेन काढून घेतलं.

"नाव सांगायचा मान आत्याचा. तो झाला. लिहायचा मान कुणाचा, ते काही कुणी ठरवून ठेवलेलं नाही. तेव्हा तो मी घेतेय."

तिनं सावकाश, एकेक अक्षर मोठं काढत लिहिलं. मधे यू. पहाटे पाजताना तिच्या तोंडून नाव तसंच निघायचं, ओठांचा जरासा चंबू होऊन, आणि कऱ्हाडहूनही ते तसंच ऐकू यायचं.

"म्हटलं नव्हतं?" अहो आई पुटपुटल्या.

"तुमच्यासाठी नाही हं, अहो आई."

हृषिकेशनं सही केली. आयवाली. बाईंनी कागद फिरवून घेतला, चष्मा सारखा केला आणि नाव मोठ्यानं वाचलं.

"श्प्रूहा?"

"स्प!" देवश्री, हृषिकेश, अहो आई आणि फोनमधून कादंबरीताई एका आवाजात ओरडले. एवढ्या दिवसांत या कुटुंबाचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. बाळ दचकून रडायला लागलं.

त्या रडण्यातच देवश्रीनं बाहेर येऊन कऱ्हाडला फोन लावला.

"ए आई, लिहिलं गं नाव. आता पासपोर्टचं बघतो. त्यालाही वेळ लागेल, पण—"

"ते लागू दे," शुभदा म्हणाली. पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. "रडतेय का ती? जवळ धर फोन. स्टुलावरच बसलेय मी."