मला उलटून लावू नका

मी एक जुनी चकती आहे, मधोमध भोक असलेली, टेफ्लॉनची. कामगार मला पॅकिंग म्हणतात. मित्रांनो, आज मी रागात आहे आणि तो राग लपवणार नाही.

गडचांदूरजवळच्या आमच्या प्रकल्पात विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करतात. ऑक्सिजनच्या नळीच्या जोडावर मी दीड वर्ष दबून राहिले. उष्णता सोसली, वायू बाहेर जाऊ दिला नाही. उद्घाटनाला यंत्राला हार घातला, नारळ फोडला. माझे नाव कोणी घेतले नाही. खोटे कशाला बोलू, वाईट वाटले.

परवा दुरुस्तीसाठी जोड उघडला. मी पार चपटी झाले होते. अशी चकती पुन्हा लावायची नसते, कारण तिच्याने जोड नीट भरत नाही. पण नव्या चकत्या आल्या नव्हत्या आणि प्रकल्पाच्या साहेबांना भेटीला येणाऱ्या पाहुण्यांपुढे यंत्र चालू दाखवायचे होते. जुनीच लावा, असे सांगून ते चहाला निघून गेले. त्यांच्या बापाचे काय जात होते?

फिटर रहीमभाऊंनी वीस वर्षे सिमेंट कारखान्यात काढलेली. जुने पॅकिंग उलटायचे, ग्रीस चोपडायचे आणि बसवायचे, ही तिथली सवय. त्यांनी मला उलटले आणि ग्रीसच्या डब्यात बोट घातले. मला ओरडता आले असते तर मी अख्खे गडचांदूर गोळा केले असते.

तेवढ्यात गोंडपिपरीची रोशनी तपासणीला आली. ती इथली तंत्रज्ञ.

"रहीमभाऊ, ग्रीस नका लावू. ऑक्सिजनमध्ये ते पेट घेते."

"सिमेंटात वीस वर्षं लावलं, बाई. काही झालं नाई."

"तिथी साधी हवा होती. इथी निव्वळ ऑक्सिजन हाय. अन् चालू करतानी जोडाजवळ तुम्हीच उभे राह्यता."

रहीमभाऊंचे बोट डब्यातच थांबले. साहेब परत आले, पाहुणे इकडे यायला निघालेत म्हणून आवाज चढवू लागले. रहीमभाऊंनी शांतपणे बोट पुसले, खिशातून चाकू काढला आणि साहेबांच्या देखत माझे दोन तुकडे केले.

"आता लावून दाखवा," ते म्हणाले.

मित्रांनो, मी आता भंगाराच्या डब्यात आहे. साहेब अजून धुसफुसत आहेत. माझे एवढेच मागणे आहे, आमचे काम संपले की आम्हाला कापून टाका, म्हणजे कोणाला मोह होणार नाही. त्या संध्याकाळी यंत्र बंदच राहिले. रहीमभाऊ सायकल काढून घरी जेवायला गेले.