पडद्यावरचे हात

अनुसयाने स्टुलावर चढून कोऱ्या कापडाचं एक टोक खिळ्याला अडकवलं, दुसरं सुनेच्या हाती दिलं आणि म्हणाली, "वढ वं मयुरी. मागावर ताणा लावतो तसं वढ. सुरकुती राहिली तं माहं तोंड वाकडं दिसन."

मयुरी हसत हसत कापड ओढू लागली. ती लग्नाचे व्हिडिओ काढायची, आणि त्यातून वेळ चोरून तिने मोहल्ल्यातल्या विणकर बायांवर सिनेमा केला होता. त्यात त्यांचे संसार होते, मागावरची कला होती आणि एक जुनं दुखणंही होतं. या बाया नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांना निवडून देत. गल्लीतल्या विणकर सोसायटीत मात्र त्यांना मत नव्हतं. सभासद तेवढे पुरुष. अनुसयाचा नवरा रुपराव गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरीला लागला त्याला जमाना झाला. माग अनुसया चालवायची आणि मत रुपराव द्यायचा. ते मत आता तिला हवं होतं. आज सोसायटीच्या आमसभेत आधी सिनेमा होता आणि त्यानंतर रुपराव स्वतःच तसा ठराव मांडणार होता.

अडचण एकच, पण चांगली मोठी. सोसायटीचे अध्यक्ष नत्थूजी हे तिचे भासरे, रुपरावचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढे तिने डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, की तोंडातून शब्द काढला नव्हता. चहात साखर किती, हेसुद्धा ती जावेकडून, कौसल्येकडून विचारून घ्यायची.

सभा भरली. पुरुष खुर्च्यांवर ऐसपैस बसले. बाया रिवाजाप्रमाणे मागे दाराजवळ, प्रोजेक्टरच्या टेबलाला खेटून उभ्या राहिल्या. मयुरीने दिवे मालवले.

पडद्यावर सर्वांत आधी नत्थूजीच आले. खुर्चीत रेलून सांगत होते, "बाया काय, सुताच्या कांड्या भरतेत. विणाचं काम माणसाचं."

लगेच अनुसया दिसली. पाय मागाच्या पावड्यांवर, धोटा सपासप इकडून तिकडे, आणि लुगड्याचा करवती काठ बोटबोट पुढे सरकतोय. खुर्च्यांमध्ये खसखस पिकली. मग दुसरा माग आला. तो नत्थूजींच्याच घरातला होता, आणि त्यावर कौसल्या बसली होती. आता मात्र सभा पोट धरून हसली. नत्थूजींनी घसा खाकरला. अनुसयाला इतका आनंद झाला की तिने शेजारी उभ्या असलेल्या कौसल्येचा हात घट्ट धरला.

सिनेमा संपला. पडद्यावर नुसता पांढरा उजेड उरला. रुपरावने उठून, चाचरत का होईना, ठराव मांडला. मागावर बसणाऱ्या बाईला सभासद करावं आणि मताचा हक्क द्यावा. नत्थूजींना हे प्रकरण एकदाचं उरकायचं होतं. दिवे कशाला लावता, म्हणाले, ज्यांना मंजूर त्यांनी हात वर करा.

ते मोजायला वळले तर प्रोजेक्टरचा झोत थेट डोळ्यांत. काही दिसेना. मग त्यांनी सभेकडे पाठ केली आणि पडद्यावरच्या हातांच्या सावल्या बोट लावून मोजायला घेतल्या.

भासऱ्यांची पाठ पाहून अनुसयाला धीर आला. तिचा हात झोतात वर गेला. प्रोजेक्टर अगदी जवळ, त्यामुळे कापडावर तिचा हात सगळ्या पुरुषांच्या हातांपेक्षा मोठा उठला, बांगड्यांसकट. त्याच्याजवळ कौसल्येचा आला. मग एकेक करत सगळ्या बायांचे आले.

नत्थूजींचं बोट त्या बांगड्यांपाशी थांबलं. मग तेही मोजत पुढे सरकलं.

"ठराव पास," ते म्हणाले.

दिवे लागले तसा पुढच्या रांगेतला एक जण तावातावाने उठला. बायांचे हातही मोजले गेले, हे चालणार नाही, असं त्याचं म्हणणं.

"मोजला तं मोजला," नत्थूजी म्हणाले. "एकदा मोजलेला हात मी आजवर कोणाचा खाली नाही केला."

पुढचा विषय अध्यक्षाच्या निवडीचा. तो दरवर्षी चुटकीसरशी संपायचा. नत्थूजी कोणाची हरकत आहे का विचारायचे, कोणाची नसायची आणि चहा यायचा. आजही त्यांनी तेच विचारलं, नजर चहाच्या किटलीकडे ठेवून.

मागून एक हात वर झाला. आता उजेड लख्ख होता आणि भासऱ्यांचं तोंड समोर होतं. अनुसयाने दुसऱ्या हाताने पदर सारखा केला, पण वर केलेला हात तसाच ठेवला. वायर गुंडाळणारी मयुरी जागच्या जागी थांबली.

नत्थूजींनी किटलीवरची नजर तिच्याकडे वळवली.

"बोल, अनुसया."

आवाज निघाला तो तिचा तिलाच मोठा वाटला.

"मी कौसल्याबाईचं नाव सुचवून राहिली."

कौसल्येने तोंडाला पदर लावला. डोळे मात्र हसत होते. सभेत एकच गलका झाला. नत्थूजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. बायकोकडे पाहताना त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"हात वर करा," ते म्हणाले. मग टेबलामागून उठले, खुर्च्यांमधून वाट काढत थेट दारापाशी, बायांजवळ आले आणि तिथूनच मोजायला सुरुवात केली.