भिंतीला लावण्याजोगा फोटो

"सरका जरा, भाऊ. बघू द्या."

विष्णुपंत सरकले नाहीत. पाच मिनिटांपासून ते काउंटरमागं पाठ भिंतीला टेकवून उभे होते. छप्पन्न वर्षांच्या, पोट सुटलेल्या माणसाची पाठ कितीही रुंद असली तरी दोन बाय तीन फुटांचा फोटो तिच्यामागं काही लपत नाही. डाव्या खांद्यावरून फोटोतल्या पोराचं कपाळ दिसत होतं, उजव्या कोपराखालून नळाची तोटी.

"सरका की," बाई पुन्हा म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून विष्णुपंतांना सरकावंच लागलं.

दैवशालाबाई पिंगळीजवळच्या एका खेड्यातून सकाळच्या पॅसेंजरनं सेलूला उतरल्या होत्या. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचं एक घडी पडून पडून फाटायला आलेलं कात्रण काढलं, काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मी ह्येची आई." विष्णुपंतांनी कात्रण पाहिलं आणि ते पाठीनं भिंतीकडं सरकले. भिंतीवर तोच फोटो होता, चौकटीत घातलेला, खाली पितळी पट्टी: राज्यस्तरीय छायाचित्र स्पर्धा, प्रथम पारितोषिक.

"केवढा मोठा केलाय," बाई म्हणाल्या. त्यांनी फोटो वरपासून खालपर्यंत पाहिला. स्टेशनाबाहेरचा नळ, मागं फरशीवर वेडेवाकडे झोपलेले दोघे, आणि पुढं उघडा आदिनाथ, डोळे अर्धवट मिटलेले, नाकातोंडावर डाव्या हातानं दाबून धरलेलं फडकं. "पायात चप्पल न्हाई. मी घेऊन दिली व्हती की त्याला."

"कसा आहे आता आदिनाथ?" विष्णुपंत विचारून बसले.

"गेला. वरीस झालं उद्या. तिकडं विदर्भात जिनिंगवर हमालीला व्हता. गाठी भरलेल्या ट्रकवरून पडला." बाईंनी पदर सारखा केला. "उद्या वर्षसराद हाय. परवा आमची टोळी निघती उसाला. फोटो पायजे होता, भाऊ. पाटावर ठेवाया, मंग भिंतीला लावाया. घरात त्याचा फोटोच न्हाई. आधार कारडावर हाय, त्यो धा वर्षाचा असतानाचा, त्यात नुसतं काळं दिसतंय."

"आणि हा..."

"ह्यो कसा लावू? नाकाला फडकं हाय. येणारा-जाणारा म्हणंल, ह्या नशेपायीच गेलं बघा पोरगं. तुमी त्याचे लय फोटो काढले म्हणायचा त्यो. बघा एखादा. तोंड दिसलं म्हणजे झालं."

आता खरं तर हे विष्णुपंतांचं रोजचं काम. गेलेल्या माणसाचा भिंतीवरचा फोटो करावा तर त्यांनीच, असं सेलूत सगळे म्हणत. कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीतून एक चेहरा उचलायचा, मागं निळा रंग भरायचा, गळ्याखाली कॉम्प्युटरमधला मरून कोट चढवायचा. तालुक्यातले निम्मे स्वर्गवासी तोच एक कोट घालून भिंतीवरून बघतात. हयातीत ज्यानं सदऱ्याची वरची गुंडी कधी लावली नाही, तोही त्यात तालेवार दिसतो. पण कोट चढवायला आधी तोंड लागतं. या फोटोतलं तोंड फडक्याखाली होतं.

"बसा," ते म्हणाले. "बघतो."

आत पडद्यामागं कॉम्प्युटर होता. विष्णुपंतांनी तो सुरू केला. कुठं काय आहे ते त्यांना शोधायला नकोच होतं, बोटं आपोआप त्या फोल्डरवर गेली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बारशी, लग्नं आणि पासपोर्ट फोटो काढून काढून ते विटले होते. तशात नांदेडला एका शिबिरात मोठ्या शहरातल्या एका नामांकित फोटोग्राफरनं सांगितलं, "तुमच्या दाराशी दुःख उभं आहे, ते टिपा." पंतांच्या डोक्यात ते भिनलं. दुसऱ्या आठवड्यापासून कॅमेरा घेऊन ते रोज स्टेशनावर. तिथं चारपाच पोरं पडून असत. कुणी घरातून पळालेलं, कुणाचे आईबाप सहा महिने उसात. एकदोघं खरंच फडक्यावर पंक्चरचं सोल्यूशन घेऊन हुंगत. आदिनाथ त्यातला नव्हता. तो मिळेल ती हमाली करायचा, मिळेल तिथं झोपायचा, आणि फोटोचं त्याला भारी वेड.

"काका, थांबा, भांग पाडू द्या," तो म्हणायचा.

"भांग नको. हसू नको. इकडं बघू नको. जसा आहेस तसा रहा."

"मी असाच हाय की," असं म्हणून पोरगं हसायचं, आणि पंत चिडायचे. आयुष्यभर ज्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला "हसा बघू" म्हटलं, त्यांनी या एकाच पोराला हसू नको म्हणून सांगितलं.

फोल्डर उघडलं. त्या सकाळचे फोटो एकापाठोपाठ एक. आदिनाथ नळाखाली तोंड धुतोय. त्यानं सदरा काढून कठड्यावर ठेवलाय, भिजू नये म्हणून. कमरेचं फडकं ओढतोय. मग तो, बक्षिसाचा. आणि त्याच्या लगेच पुढचा: फडकं खांद्यावर, ओल्या केसांना बोटांनी पाडलेला भांग, आणि सगळे दात दाखवून सरळ कॅमेऱ्याकडं बघून हसणारा आदिनाथ.

तो तोंड पुसत होता हो. फोटो चांगला यावा म्हणून तोंड धुऊन पुसत होता, बस्स. विष्णुपंतांना हे तेव्हाही माहीत होतं. पण स्पर्धेच्या अर्जात फोटोखाली एक ओळ लिहायची होती, आणि त्यांनी लिहिली: "नशेच्या विळख्यातली तरुणाई." एक नाही तर दुसरा हुंगतोच ना, असं मनाला समजावलं. परभणीला सत्कार झाला, वर्तमानपत्रात फोटो ओळीसकट छापून आला. कुणी पोराचं नाव विचारलं नाही.

पोरगं मात्र पेपर घेऊन दुकानात आलं होतं. "काका, मी तर तोंड पुसायलो होतो की."

"अरे, तो फोटो तुझा नाही, समाजाच्या प्रश्नाचा आहे," पंत म्हणाले होते. आज ते वाक्य आठवून त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आदिनाथनं मान डोलावली होती. मग म्हणाला, "बरं, मंग त्यो दुसरा द्या, हसताना काढला त्यो. गावात दावतो. आमच्या बानं लय मनावर घेतलंय." पंतांनी देतो म्हटलं. तो पुढच्या आठवड्यात आला, तेव्हा दुकानात लग्नाच्या अल्बमची घाई होती. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आला. नंतर यायचा थांबला, आणि विष्णुपंतांना, खोटं कशाला बोलायचं, हायसं वाटलं होतं.

"अहो, बाहेर कोण बसलंय?" विमलाबाई घरातून चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवरचा हसरा चेहरा पाहिला आणि ओळखला. "हा तर तोच. इतका गोड फोटो होता, मग तो कसला लावलात वर?"

विष्णुपंतांनी प्रिंटरमध्ये कागद घातला. विमलाबाईंनी थोडा वेळ नवऱ्याकडं पाहिलं, एक कप उचलला आणि तो बाहेर दैवशालाबाईंना नेऊन दिला.

प्रिंट काढायला आणि काच बसवायला अर्धा तास लागला. तेवढ्या अर्ध्या तासात विष्णुपंतांनी मनाशी एक सोयीचा बेत केला. फोटो द्यायचा, पैसे घ्यायचे नाहीत, हात जोडायचे आणि विषय संपवायचा. खांद्यावरचं फडकं तेवढं कॉम्प्युटरवर पुसून टाकलं तर कुणाला काही कळणार नाही. त्यांनी माऊसवर हात ठेवलाही. मग तो काढून घेतला आणि फोटो आहे तसाच छापला.

दैवशालाबाईंनी फोटो दोन्ही हातांत घेतला. मग पोराच्या कपाळावरून त्यांनी काचेवर बोट फिरवलं.

"कोट घालू का? घालतात सगळे," विष्णुपंतांनी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"नको. आमच्यात कुणी घातला न्हाई." बाईंचं बोट खांद्यापाशी थांबलं. त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं, पुन्हा हातातल्या. "त्योच नळ हाय. फडकं बी तेच. त्याच दिशीचा का ह्यो?"

"त्याच दिवशीचा. लगेच पुढचा," विष्णुपंत म्हणाले. "बाई, तो नशा करत नव्हता. तोंड पुसत होता. मी फोटो काढायलो म्हणून तोंड धुतलं त्यानं."

"मंग खाली तसं कामून लिवलं?"

"बक्षीस मिळावं म्हणून."

इतकं सरळ उत्तर आपल्या तोंडून येईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. पडद्याआडून विमलाबाई हे ऐकत होत्या, आणि ते विष्णुपंतांना ठाऊक होतं.

दैवशालाबाई बाकावर बसल्या. "त्यो सांगायचा मला. आये, म्या तोंड पुसत व्हतो. मी म्हणलं, फडकं सोड रं बाबा, येवढं फडकं सोड. म्या बी त्याचं खरं धरलं न्हाई. ह्येचा बाप म्हणला, पेपरात इज्जत घातलीस, तोंड दावू नको. मुकादमानं टोळीत घेतला न्हाई. म्हणून गेला त्यो तिकडं लांब." त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर विष्णुपंतांना बरं वाटलं असतं.

"मी काय करू, सांगा," ते म्हणाले.

"उद्या या. दुपारच्याला समदे असत्यात. ह्येच्या बापाला सांगा. मी सांगितलं तर म्हणंल, आईच हाय ती, आई म्हणणारच."

कात्रण त्यांनी परत घेतलं नाही. काउंटरवरून ते विष्णुपंतांच्या बाजूला सरकवलं आणि नवा फोटो छातीशी धरून त्या स्टेशनाकडं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी पिंगळीला उतरेपर्यंत विष्णुपंतांनी चार वेळा परत फिरायचा विचार केला. परभणीला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा तर ते पायऱ्या उतरून फलाटावर आलेही, आणि पुन्हा चढले. कॅमेरा त्यांनी घरीच ठेवला होता. खांद्यावर पट्टा नाही म्हणून सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं.

पत्र्याच्या घरापुढं वीसेक माणसं पंगतीला बसायच्या तयारीत होती. ओसरीवर पाटावर आदिनाथचा फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढं समई. रामहरी, आदिनाथचा बाप, पत्रावळ्या मांडत होता. वाळलेला, उंच, खांद्यावर उपरणं.

"ह्ये फोटोवाले," दैवशालाबाई म्हणाल्या. "तुमाला कायतरी सांगायला आलेत."

विष्णुपंतांनी रस्ताभर जुळवलेलं भाषण तिथं एका क्षणात विरून गेलं. पाहुणेमंडळी बघायला लागली. त्यांच्यात मुकादम सिताराम होता, शेजारची बायनाबाई होती. ज्यांनी पेपर पाहिला होता, ते सगळे होते.

"तुमचा मुलगा नशा करत नव्हता," ते म्हणाले. "पेपरातल्या फोटोत तो तोंड पुसत होता. मला माहीत होतं. मी खोटं लिहिलं. नंतर तो खरा फोटो मागायला तीनदा माझ्याकडं आला. मी दिला नाही."

मागं कुणीतरी खोकललं. सिताराम खाली बघून पत्रावळीची काडी नीट करत बसला. विष्णुपंतांना वाटलं, आता शिवी येईल, हात उगारला जाईल, आणि तसं व्हावं असंच त्यांना वाटत होतं.

रामहरी पत्रावळ्या तशाच हातात धरून जवळ आला.

"कोण्या हातानं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"कोण्या हातानं पुसत व्हता तोंड?"

विष्णुपंतांनी डोळे मिटून आठवलं. "डाव्या."

"डावराच व्हता त्यो," रामहरी म्हणाला. "जेवतानी मारायचो मी त्याला, उजव्यानं खा म्हणून."

हातातल्या पत्रावळ्या त्यानं खाली ठेवल्या. ओसरीवर जाऊन तो पाटापुढं उकिडवा बसला. हार बाजूला केला. समईच्या काजळीनं काच थोडी धुरकटली होती. त्यानं खांद्यावरचं उपरणं ओढलं, त्याचं टोक तोंडातल्या वाफेनं ओलं केलं आणि पोराचं तोंड पुसायला लागला, कपाळ, नाक, गाल, हनुवटी, पुन्हा कपाळ. काच कधीच स्वच्छ झाली होती. तरी तो पुसत राहिला.

पंगत खोळंबली होती, पण कुणी त्याला उठ म्हणालं नाही. विष्णुपंतांनाही कुणी बस म्हणालं नाही की जा म्हणालं नाही. ते अंगणात उन्हात उभे होते.