शुक्रवारची टेप आणि बावीस चपला

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, पत्रांची. तळहाताएवढी काळी डबी, पोटात लांबलचक फीत, आणि त्या फितीवर अठरा हजार ईमेल. त्यातलं एकही मला वाचता येत नाही.

लोणावळ्यात एक संस्था होती, मावळातल्या गावांना पाण्याच्या योजना करून देणारी. तिच्या मेल सर्व्हरची रोज संध्याकाळी नक्कल काढत. आम्ही पाच बहिणी, सोमवार ते शुक्रवार. मी शुक्रवार. एक नक्कल ऑफिसबाहेर असावी असा नियम होता. म्हणून ऑफिसातली रेणुका मला जेवणाच्या पिशवीतून भाजे गावी आपल्या घरी न्यायची आणि पुढच्या शुक्रवारी परत आणायची. आमच्याकडच्या ओलीनं भिंतींनाही बुरशी येते. तिनं मला दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून इंद्रायणी तांदळाच्या डब्यात पुरलं.

"शिजायची न्हाई गं ती," सासूबाई म्हणाल्या.

"न शिजू दे. ऑफिसची आहे."

रेणुकाचं काम चोख, असं सगळे म्हणत. पण खरं सांगते, माझ्यावर इतकं लिहिलं, ते एकदाही कुणी वाचून पाहिलं नाही.

एका सोमवारी संस्था बंद पडली. चौघी बहिणी ऑफिसच्या कपाटात राहिल्या आणि बुरशीनं गेल्या. मी घरी होते. मला कुणी परत मागितलं नाही.

मग वर्षं गेली. नवा तांदूळ आला की रेणुका मला बाहेर काढायची, पदरानं पुसायची, पुन्हा पुरायची. वर्षाचा तेवढाच उजेड. एरवी डोक्यावर तांदूळ काढणाऱ्या मापट्याची खरखर. डबा तळाला आला की वाटायचं, आता आपली पाळी.

यंदा तिकोणा पेठ गावाहून यशोधरा आली. गावच्या पाणी समितीत आहे ती; तिथली योजना आमच्याच संस्थेनं केलेली.

"मावशी, वरच्या वस्तीचं पानी बंद झालंय. रस्ता रुंद केला, त्याच्याखाली लायनीचा व्हॉल्व्ह गेला. कुटं हाय, कुनाला ठावं न्हाई. आमच्या आबांनी बसवलेला, तर तेच आता न्हाईत."

आबा म्हणजे तिचे सासरे, हनुमंत.

"नकाशा?"

"कुटला नकाशा! पर आबा म्हनायचे, तुमच्या संस्थेच्या सायबांनी हापिसात लिवून कळवलंय. रस्ता एकाच जागी खनायची परवानगी हाय, मावशी. चुकलं तर पुन्यांदा न्हाई."

रेणुकानं कोपरापर्यंत हात तांदळात घातला.

लोणावळ्यात सुहासचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. मला वाचणारं यंत्र भंगारातून शोधायला त्याला महिना लागला. "एकदाच फिरेल ही. तुटली तर राम म्हणायचं."

मी फिरले. कुरकुरले, पण फिरले. पत्रं सुटी निघेनात, म्हणून त्यानं अख्खा जुना मेल सर्व्हर नव्या संगणकावर उभा केला. तिसऱ्या दिवशी साहेबांचं पत्र सापडलं. माझ्या पोटातलं मी पहिल्यांदा ऐकलं.

'मोजपट्टी विसरलो. हनुमंतच्या चपलेनं मोजलं. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यापासून वस्तीच्या दिशेनं, रस्त्याच्या कडेनं बावीस चपला, टाचेला अंगठा लावून.'

"झालं!" सुहास म्हणाला. "आता चप्पल कुठून आणायची?"

पत्र ऐकायला आलेली यशोधरा खाली मान घालून म्हणाली, "आत्यांनी ठिवलीय. मीच चार वरसं म्हनतीय, फेका ती."

दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई, चिमाबाई, मोरीच्या जुन्याच राहिलेल्या कठड्यापाशी आल्या, काखेत कागदात गुंडाळलेली चप्पल. रेणुकाच्या पिशवीत मी होतेच.

"तिला काय खायाला लागतंय, म्हनलं, ऱ्हाऊ दे माळ्यावर," त्या सुनेला म्हणाल्या.

"आत्या, द्या हिकडं, मी मोजते."

"तुजी मापं नगंत." त्या स्वतः वाकल्या. चप्पल ठेवायची, अंगठ्याशी बोट टेकायचं, चप्पल पुढे. बावीस वेळा. शेवटी तळहात जमिनीवर ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. त्या उठल्यावर तिथंच खणायला घेतलं.

दीड हात खोल व्हॉल्व्हचं लोखंडी झाकण लागलं.

संध्याकाळी वस्तीच्या नळाला पाणी आलं. माझ्यातलं सगळं सुहासनं नव्या डिस्कवर घेतलं आहे. "मावशी, आता ही टाकलीत तरी चालेल," तो म्हणाला.

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

रेणुकानं मला जेवणाच्या पिशवीत ठेवलं.

मित्रांनो, जपून ठेवलेलं वर्षातून एकदा तरी उघडून वाचत जा. पुरून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे, हे मी तांदळात शिकले. आणि ज्याच्या चपलेनं मोजलं आहे, तो माणूस असेतो एकदा त्याच्यासोबत तेवढं अंतर चालून या.