मोपाच्या गोदामात एकच जागा

“बाय, कोड सांग, रंग नाका,” असं सतरा वर्षं फोनवर म्हणणारा माणूस आज पहिल्यांदाच सत्यवतीसमोर उभा होता. तिने कल्पना केली होती त्यापेक्षा तो वीतभर बुटका होता.

“आवाजावेल्यान तुमी उंच दिसताले,” ती म्हणाली.

“आनी तू बारीक,” गोकुळदास म्हणाला. दोघंही हसले.

डिचोलीचं कपड्यांचं गोदाम सत्यवती सांभाळायची, पेडण्याचं गोकुळदास. कंपनीने दोन्ही बंद करून मोपाच्या पठारावर एक मोठं गोदाम घेतलं होतं. दुकानं तीच चौदा, पण गोदामप्रमुखाची जागा एकच. गणेशचवथीचा माल लावून झाला की व्यवस्थापक सिद्धी नाव सांगणार होती. सत्यवतीला ती जागा हवी होती, आणि ती मिळेल याची खात्रीही होती. तिचे ट्रक गोकुळदासच्या ट्रकांपेक्षा तासभर आधी रिकामे झाले होते.

जुने कोड आता रद्द. नव्या चिठ्ठ्या लावण्याआधी कुर्ते रंगाप्रमाणे वेगळे करायचे होते. इकडे हिरवे, तिकडे लाल. गोकुळदास घडी न मोडता नेटकेपणाने कुर्ते लावत गेला. त्याच्या लाल ढिगात सत्यवतीला तीन हिरवे दिसले.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. इतकी वर्षं ती त्याला शिस्तीचा माणूस समजत आली होती.

सिद्धी येताना दिसली. आता एक शब्द बोललं की जागा ठरली असती. सत्यवतीने ते तीन कुर्ते उचलून पलीकडे ठेवले. जागा तिला स्वतःच्या कामाच्या जोरावर हवी होती. अशी नको होती.

“काय काका, जमतंय ना?” सिद्धीने विचारलं.

“सगळें बरें चल्लां,” सत्यवतीच म्हणाली.

गोकुळदासने हातातला कुर्ता खाली ठेवला. “ना गे बाय. सिद्धी, माका पाचवो म्हणजे हिरवो आनी तांबडो एकच दिसता. ल्हानपणापासून. पेडण्याक कोडार काम चलयलें. नांव हिचेंच घाल.”

आजूबाजूच्या कामगारांचे हात थांबले.

“तुमच्या बायलेक तरी खबर आसा?” सत्यवतीने विचारलं.

“आसा मगो. म्हणून लग्नाचो शालू तिणेंच वेंचलो.”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने तोच हसला, आणि सर्वांत आधी थांबलाही तोच.

दुपारनंतर, माल लावून होण्याची वाट न पाहताच, सिद्धीने सत्यवतीचं नाव वाचलं. तिला ते अपेक्षितच होतं.

माल अजून लावायचा राहिला होता. गोकुळदास ढकलगाडी घेऊन मांडणीपाशी आला. सतरा वर्षं माणसं त्याला विचारायची, काय कुठे ठेवू. गाडीत हिरवे कुर्ते होते.

“बाय, हें खंय दवरूं?”

“दाव्या वटेन,” सत्यवती म्हणाली. “सकयल्या कप्प्यांत.”

त्याने मान डोलावली आणि गाडी डावीकडे, खालच्या कप्प्याकडे वळवली.