अडकलेले प्रवासी: एक

"काका, लिफ्ट वर नसताना हे दार उघडू शकतं का?"

सहाव्या मजल्यावरच्या दाराच्या बिजागरीला तेल देत बसलेल्या मेकॅनिकचा हात जागच्या जागी थांबला. सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांची पत्नी आपल्या घराच्या उंबऱ्यात उभी होती. डोळ्यांवर काळा चष्मा, ओठांवर गडद रंग, मनगटापर्यंत लांब बाह्या. जिन्यातला दिवा महिनाभर बंद होता, त्यामुळे तिचा निम्मा चेहरा उजेडात होता आणि निम्मा काळोखात.

"नाही उघडत," तो म्हणाला. "केबिन समोर आल्याशिवाय कुलूप सुटतच नाही."

"आणि कुणी मुद्दाम उघडलं तर?"

"त्याला खास किल्ली लागते, तिकोनी. ती आमच्याकडे असते."

तिने जिन्याकडे एकदा पाहिले आणि आवाज आणखी खाली आणला. "इथून खाली पडलेलं माणूस वाचतं का हो?"

मेकॅनिकच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने नकारार्थी मान हलवली.

"सोमवारी अकराला याल? हे तेव्हा नसतात. मला तुम्हाला काही दाखवायचंय. आणि मी असं विचारलं, ते ह्यांना सांगू नका हं."

दार लागले. तेलाच्या डबीतून एक थेंब फरशीवर पडला, मग दुसरा. तरी त्याच्या ध्यानात आले नाही, आणि हे त्याच्या स्वभावाला सोडून होते.

तांत्रिक विद्यालयातून बाहेर पडल्यापासून चौतीस वर्षे तो लिफ्टच दुरुस्त करीत आला होता, आणि निवृत्तीला आता दोन महिने उरले होते. त्याची पद्धत ठरलेली होती. आधी प्रत्येक मजल्यावर 'काम चालू आहे' ही पाटी. मग गच्चीवरच्या यंत्रखोलीत जाऊन मेन स्विच बंद. स्विचच्या दांड्याला स्वतःचे पितळी कुलूप आणि त्याची किल्ली सदऱ्याच्या खिशात. ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढायचे, हा त्या धंद्यातला पहिला धडा. काम संपले की नोंदवहीत टिपण. वहीच्या शेवटच्या रकान्यात 'अडकलेले प्रवासी' असे छापलेले असे, आणि त्याच्याकडच्या इमारतींत गेली अकरा वर्षे तिथे शून्याखेरीज दुसरा आकडा पडला नव्हता. म्हणून कंपनीतली मंडळी त्याला 'शून्यराव' म्हणत. दुसऱ्या कुणाच्या इमारतीत माणूस अडकला तरी पाठवत यालाच. दाराला तोंड लावून तो आधी म्हणे, "घाबरू नका, मी आहे." आतले रडणे निम्म्याने थांबे.

आज मात्र घाबरला होता तो स्वतःच, आणि त्या भीतीला कारण होते सिनेमा.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघेच. ताई अपघात विभागात नर्स होती; निवृत्त होऊन सात वर्षे झाली. दर रविवारी दुपारी दोघे टीव्हीसमोर बसत आणि रहस्यपट बघत. ओले रस्ते, निळसर उजेड, आणि त्यात हळू बोलणारी एक देखणी बाई. ती एखाद्या साध्या माणसाकडे येते. विमा विकणारा, कुलपं दुरुस्त करणारा, असा कुणीतरी. एक निरागस प्रश्न विचारते. 'हे कुणाला सांगू नका' म्हणते. तासाभरात तिच्या नवऱ्याचा काटा निघालेला असतो, आणि त्या साध्या माणसाच्या हातात बेड्या. जुन्या सिनेमात शेवटी ती मरायची तरी. हल्लीच्या सिनेमात ती चष्मा लावून विमानात बसते. मेकॅनिक दरवेळी म्हणायचा, "एवढी अक्कल कशी नाही या गाढवाला?"

आता गाढवाची पाळी आपली आहे, असे त्याला वाटले. चष्मा, ओठ, कुजबुज, नवरा नसतानाची वेळ... एक गोष्ट कमी नव्हती. जिना उतरताना त्याने कठडा घट्ट धरला होता.

तळमजल्यावरच्या खोलीत सेक्रेटरीसाहेब त्याच्या कामाच्या कागदावर सही करीत होते. शांत, नीटनेटका, कधी आवाज न चढवणारा माणूस. मेकॅनिकने घसा साफ केला.

"साहेब, एक सांगायचं होतं. मॅडम लिफ्टच्या दाराबद्दल विचारत होत्या. लिफ्ट नसताना उघडतं का म्हणून. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

पेन थांबले. "असं? आणखी काय म्हणाली?"

"पडलेला माणूस वाचतो का, म्हणाल्या. आणि सोमवारी अकराला बोलावलंय. काहीतरी दाखवायला."

सेक्रेटरीसाहेब हसले. पेनाचे टोपण त्यांनी लावले, काढले, पुन्हा लावले. "सिनेमे फार बघते हो ती. डोक्यात काहीही घेते. तुम्ही सोमवारी येऊ नका. मी असेन घरी, मीच बघतो तिच्याकडे."

मेकॅनिक बाहेर पडला तेव्हा अंगावरचे ओझे उतरल्यासारखे त्याला हलके वाटत होते.

रविवारी सिनेमा निम्म्यावर आला तेव्हा त्याने ताईला सगळी हकीकत सांगितली. सांगताना आवाजात थोडी फुशारकीही होती. पडद्यावरची बाई पावसात सिगारेट पेटवत होती. ताईने टीव्हीचा आवाज बंद केला.

"चष्मा लावला होता म्हणतोस. घरात? अंधारात?"

"तेच तर!"

"आणि उन्हाळ्यात लांब बाह्या?"

"अगं, सिनेमात नाही का..."

"सिनेमा बाजूला ठेव, शहाण्या. बत्तीस वर्षं अपघात विभागात असे चष्मे मी उतरवलेत. त्याच्याखाली काय असतं, ते मला विचार." ताईने पडद्याकडे बोट दाखवले. "आणि या सगळ्या सिनेमांत गोष्ट सांगतो कोण? पकडला गेलेला नाहीतर मेलेला पुरुष. या बाईला कुणी कधी विचारलंय, बाई गं, तू का घाबरलीस?"

मेकॅनिकने पडद्यावरच्या बाईकडे पाहिले.

"पडलेलं माणूस वाचतं का, असं विचारलं तिनं. माणूस म्हणजे नवराच, हे तुझं तू ठरवलंस. ती स्वतःबद्दल विचारत नसेल कशावरून? तिकोनी किल्ली तुझ्याशिवाय कुणाकडे आहे?"

तेव्हा त्याला आठवले. महिन्यापूर्वी सेक्रेटरीसाहेबांनी एक किल्ली मागून घेतली होती. "अडीअडचणीला असावी," म्हणाले होते. भला माणूस, जबाबदार माणूस. त्याने कागदावर न नोंदवता ती दिली होती. चौतीस वर्षांत नियम मोडून दिलेली ती एकच किल्ली. आणि त्याच सुमाराला सहाव्या मजल्यावरचा दिवा गेला होता.

"ताई," तो म्हणाला. "सोमवारचं मी त्याला सांगून बसलोय गं."

"चौकीत जाऊन काय सांगशील? चष्म्यावरून संशय आला म्हणून? तिनं स्वतः बोललं पाहिजे. मी टॅक्सी घेऊन फाटकाशी थांबते. तू आधी तिला बाहेर काढ."

सोमवारी पावणेअकराला तो सहा मजले पायी चढला. सहाव्यावर गुडघे टेकून त्याने लिफ्टच्या दारावरचे किल्लीचे छिद्र बॅटरीच्या उजेडात पाहिले. छिद्राभोवती नवे ओरखडे होते, अंधारात चाचपडत किल्ली लावणाऱ्याचे. सरावलेला हात असे ओरखडे उठवत नाही. त्याने फोनवर त्यांचे फोटो काढले. पाचव्यावर असा एकही ओरखडा नव्हता, हे तो येताना बघून आला होता.

त्याने घंटी वाजवली.

आज तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. डावा डोळा सुजून मिटला होता आणि गालावर पिवळ्या-निळ्या छटा उतरल्या होत्या. त्याला बघून ती एक पाऊल मागे सरली.

"तुम्ही सांगितलंत ह्यांना."

"हो," तो म्हणाला. "चूक झाली माझी. किल्लीही मीच दिली."

तिने जिन्यात डोकावून पाहिले. मग भराभर बोलू लागली. "गेल्या बुधवारी बाहेर निघालो होतो. हे म्हणाले, लिफ्ट आलीय, तू हो पुढे, मी कुलूप लावतो. मी दार ओढलं, ते उघडलं. आत काळोख. पाऊल उचललं होतं मी, काका. तेवढ्यात खालून घोट्यांना गार वारा लागला. लिफ्टमध्ये वारा कुठून येईल? म्हणून थबकले. मागे वळले तर हे अगदी पाठीशी उभे. कुलूप लावतच नव्हते. दारावरचे हे ओरखडेच दाखवायचे होते तुम्हाला."

"आता कुठे आहेत?"

"खाली. अकराला येतो, आपण बाहेर जाऊ म्हणाले. तयार राहा म्हणाले."

त्याने घड्याळ पाहिले. अकराला सहा मिनिटे होती. तेवढ्यात वरच्या यंत्रखोलीत मोटर घरघरली. तो आवाज त्याने हजारो वेळा ऐकला होता, पण आज पहिल्यांदा तो थांबावा असे त्याला वाटले. दारावरचा आकडा पेटला: एक.

"पिशवी?"

"भरलेली आहे. बुधवारपासून."

"घ्या. जिन्याने उतरा. फाटकाशी टॅक्सीत माझी बहीण आहे."

"वाटेत गाठतील हो ते!"

दोन.

तो गच्चीच्या जिन्याकडे धावला. अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे कुरकुरले. यंत्रखोलीचे दार ढकलून त्याने दांड्याला हात घातला आणि तारेच्या दोरावरच्या पांढऱ्या खुणा मोजल्या. तिसऱ्या मजल्याची खूण चाकावरून गेली. चौथ्याची यायची होती. त्याने दांडा खाली ओढला. ब्रेक खट्कन बसला.

मग त्याने स्वतःचे पितळी कुलूप लावले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

धोक्याची घंटा वाजू लागली. आधी तुटक, मग सलग. पाठोपाठ दारावर धपाधप हात बसू लागले. "कोण आहे रे तिकडे? चालू करा! अरे, ऐकू येत नाही का?" आवाज न चढवणाऱ्या माणसाचा तो आवाज लिफ्टच्या उभ्या पोकळीतून सहा मजले घुमत होता.

तो धावत खाली उतरला तेव्हा ती चौथ्या मजल्यावर थिजून उभी होती. चपला हातात होत्या. पुढच्या दहा पायऱ्या त्या आवाजाला लागून उतरत होत्या. अडकलेली केबिन तिच्या तळपायांच्या पातळीवर होती. दाराच्या उभ्या काचेतून आतला उजेड आणि आपटणारा तळवा दिसत होता.

"नाही जमायचं," ती ओठांनीच म्हणाली.

त्याने पिशवी तिच्या हातातून घेतली. अशा वेळी म्हणायचे ते वाक्य त्याला पाठ होते. पण आज ते आतल्या माणसासाठी नव्हते. तो तिच्या आणि लिफ्टच्या दाराच्या मधोमध उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "घाबरू नका, मी आहे."

ती उतरली. एक पायरी, मग दुसरी. काचेच्या पलीकडून हाक आली, "तू आहेस ना तिथे? पावलं ऐकू आली मला!" तिने तोंडावर हात दाबून धरला, पण थांबली नाही.

फाटकाशी ताईने टॅक्सीचे दार उघडे धरले होते. तिने त्या सुजलेल्या डोळ्याकडे एकदाच पाहिले, चौकशी केली नाही. "बस, बाळ. आधी चौकी, मग तुझं जे कोणी असेल त्यांच्याकडे."

"बहीण आहे मला."

"मग झालं तर." ताईने भावाकडे पाहिले. "तू?"

"मला वर जायला हवं. कुलूप माझं आहे."

टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो थांबला. मग पुन्हा सगळे मजले चढला. तिसऱ्यावर दोन शेजारी विचारत होते, "काय हो, बिघाड का?" त्याने नकारार्थी मान हलवली. यंत्रखोलीत जाऊन त्याने कुलूप काढले, दांडा वर केला. मोटर घरघरली. सहाव्या मजल्यावर लिफ्टचे दार उघडले तेव्हा मेकॅनिक खाली उतरून समोर उभा होता.

सेक्रेटरीसाहेबांचा सदरा घामाने चिंब झाला होता. त्यांनी घराचे सताड उघडे दार पाहिले, आतली शांतता ऐकली, आणि सारे समजून त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. इतके जवळ, की त्याची पाठ लिफ्टच्या चौकटीला लागली.

"नोकरी घालवीन तुझी. पेन्शनसुद्धा बघू कशी मिळते."

त्याने हात पुढे केला. "साहेब, ती किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"तिकोनी. ओरखड्यांचे फोटो मी काढलेत. चौकीत देणार आहे."

खालून शेजारी जिना चढत असल्याचे आवाज येत होते. सेक्रेटरीसाहेबांनी किल्ली त्याच्या पायाशी फेकली आणि आत जाऊन दार लावून घेतले. त्याने उचलली तेव्हा किल्ली अजून गरम होती. खिशात, अंगाला लागून ठेवलेली.

यंत्रखोलीत बसून त्याने नोंदवही उघडली. मोटर: ठीक. दोर: ठीक. ब्रेक: ठीक. दाराची कुलपे: ठीक. कारणाच्या रकान्यापाशी तो बराच वेळ थांबला. वीज गेली, असे लिहिले असते तर कुणी तपासले नसते. त्याने लिहिले: 'मेकॅनिकने हेतुपुरस्सर बंद ठेवली. बावीस मिनिटे.' त्याखाली, महिन्यापूर्वी न नोंदवता दिलेल्या किल्लीचीही नोंद केली.

मग शेवटच्या रकान्यात, अकरा वर्षांच्या शून्यांच्या खाली, त्याने एक आकडा घातला आणि सही केली. सही ओळ सोडून तिरकी गेली. शाई वाळेपर्यंत त्याने वही मिटली नाही.